पाठ काही सोडत नाही

अण्णांची पाठ धरली ती पाडव्याला, गुढी उतरवताना. उभारताना नाही, उतरवताना. हे ते प्रत्येक डॉक्टरला आवर्जून सांगतात, जणू निदान तेवढ्यासाठीच अडून बसलंय. आठवडाभर शेक झाला, तेल झालं, शेजारच्या काकांनी मोठ्या मनानं दिलेला कमरेचा पट्टा झाला. मग साताऱ्यातल्या डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला आणि वर म्हणाले, "लेक पुण्यात आहे ना? तिथल्या मणक्याच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या." इथवर सगळं पाठीचं होतं. इथून पुढे ते माझं झालं.

स्कॅन सेंटरची वेळ दादानं दोह्याहून ऑनलाइन घेतली आणि मोबाइल नंबर अर्थातच स्वतःचा दिला. याची किंमत पुढे कळायची होती. मंगळवारी अण्णा-आई काउंटरवर उभे राहिले. तिथल्या मुलीनं नाव विचारलं. दत्तात्रय. हे नाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहिता येतं याचा कुणी कधी विचार केलाय का? शेवट नुसत्या वायवर करता येतो, वायपुढे ए लावता येतो, आणि फारच धार्मिक टायपिस्ट भेटला तर 'ट्रे' येतो. मुलीनं नुसता वाय घेतला.

मग जन्मतारीख. अण्णांना जन्मतारखा दोन. खरी रामनवमीच्या दुसऱ्या दिवशीची, जी पंचांगात शोधावी लागली होती. आणि शाळेतली, १ जून. त्यांच्या वर्गातली निम्मी पोरं १ जूनला जन्मली होती, कारण गुरुजींना शाळा भरायच्या आत रजिस्टर भरायचं होतं. अण्णा हे सगळं समजावून सांगायला लागले तेव्हा मागे रांग वाढत होती. मुलगी म्हणाली, "आजोबा, नुसतं वय सांगा." अण्णा म्हणाले, बहात्तर. तिनं ७२ टाकलं, संगणकानं उरलेली तारीख आपल्या मनानं भरली, आणि कुणालाही न कळता अण्णा तिसऱ्यांदा जन्मले.

"फिल्मचे वेगळे पैसे पडतील, सीडी फ्री आहे. आणि लिंक मोबाइलवर येईलच." आमच्या घराण्यात 'फ्री' या शब्दापुढे दुसरा विचार होत नाही. सीडी घेतली.

आधी लिंक. लिंक गेली दोह्याला. ती उघडली की ओटीपी येतो, तोही दोह्याला, पाच मिनिटांच्या बोलीवर. आमचे सकाळचे साडेआठ म्हणजे दादाचे सहा. तो झोपेत आकडे सांगतोय, मी टाकतेय, आई मध्येच "तिकडे थंडी आहे का रे?" विचारतेय, अशात एकदाचा दरवाजा उघडला. आत दुसरा दरवाजा. 'रुग्णाची जन्मतारीख टाका.' आम्ही शाळेची टाकली. चूक. पंचांगाची टाकली. चूक. आईनं सुचवलं, लग्नाची टाकून बघ. ती टाकली आणि खातं २४ तासांसाठी बंद झालं. दुसऱ्या दिवशी तोच खेळ, फक्त लग्नाऐवजी दादाच्या वाढदिवसापाशी थांबलो.

शुक्रवारी सीडी पुण्यात आली. वाकू नये म्हणून आईनं ती कंदी पेढ्यांच्या खोक्यात, पेढ्यांच्या वर आडवी ठेवली होती. तुपाचा एक गोल डाग सोडला तर प्रवास सुखरूप झाला. मी लॅपटॉप घेतला आणि म्हशीच्या अंगावरून फिरवावा तसा त्याच्या चारही अंगांवरून हात फिरवला. सीडी घालायला कुठेच जागा नाही. सोसायटीत विचारलं, कुणाकडेच नाही. शेजारची सहा वर्षांची मुलगी सीडी हातात घेऊन म्हणाली, "हे कबुतरांचं ना?" तिनं आयुष्यात सीडी फक्त गॅलरीत सुतळीला टांगलेलीच पाहिली आहे. तिची काही चूक नाही.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे एक जुना संगणक आहे. तो त्यावर सातबारा काढतो, लग्नाचे बायोडाटा छापतो, पासपोर्ट फोटोत गळ्याला टाय लावून देतो. त्यानं सीडी घातली. खरखर झाली, थांबली, परत झाली. पडद्यावर एक चिन्ह आलं. "हेच ना? घ्या पेनड्राइव्हवर." वीस रुपये. घरी येऊन बघते तर अण्णांची सबंध कंबर दोन केबीची. त्यानं घराऐवजी घराच्या दारावरची पाटी उचलून दिली होती, म्हणजे नुसता शॉर्टकट. परत गेले. या वेळी सगळं उतरवून घेतलं. परत वीस रुपये.

फोल्डरमध्ये दोनेकशे फायली. नावं 'आयएम' आणि पुढे आकडे, शेवटी शेपूट कसलंच नाही, ना जेपीजी ना पीडीएफ. क्लिक केलं की संगणक विचारतो, कशानं उघडू? मलाच माहीत असतं तर तुला कशाला विचारलं असतं? वैतागून नोटपॅडवर क्लिक केलं. आधी लांबलचक रिकामी जागा, मग 'डीआयसीएम' अशी चार अक्षरं, आणि मग कचऱ्यात दागिने सापडावेत तसं एकेक ओळखीचं: सेंटरचं नाव, मशीनच्या कंपनीचं नाव, अण्णांचं वजन, आणि अण्णांचं सबंध नाव. नावाच्या मधोमध छपरासारखी खूण. शेजारी 'एमआर'. आईला चष्मा लावून दाखवलं तर ती हरखली. "बघ, मिस्टर लिहिलंय. चांगली माणसं आहेत." एमआर म्हणजे मॅग्नेटिक रेझोनन्स, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आणि तिथेच, नावापासून जवळच, आठ आकडे: १९५३०१०१. एक जानेवारी त्रेपन्न. गेले कित्येक दिवस आम्ही ज्या कुलपाशी झटत होतो त्याची किल्ली. मी दोह्याला फोन लावला, दादाला उठवलं, लिंक उघडली. तिची मुदत सात दिवसांची होती. आठवा चालू होता.

या फायलींच्या भाषेला डायकॉम म्हणतात. नाव ऐकून मला ते मच्छर मारायचं औषध वाटलं होतं, पण जरा वाचल्यावर आदर वाटायला लागला. पूर्वी प्रत्येक कंपनीचं मशीन आपापल्या लिपीत चित्र लिहायचं आणि दुसऱ्याला ते वाचता यायचं नाही. म्हणून १९८३ साली अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्टांची संघटना आणि विजेची उपकरणं बनवणाऱ्या कारखानदारांची संघटना एका टेबलाशी बसल्या. १९८५ साली पहिली आवृत्ती आली. त्यात दोन यंत्रं जोडायला ५० पिनांची जाडजूड तार लागायची. १९९३ साली संगणकांच्या जाळ्यावरून चालणारी सुधारित आवृत्ती आली, तिचं नाव डायकॉम. तेव्हापासून हाडवैरी कंपन्यांची मशीनंसुद्धा एकमेकांची चित्रं गुण्यागोविंदानं वाचतात. नावासाठी त्यात आडनाव, नाव, मधलं नाव, उपाधी अशी वेगवेगळी घरं केलेली आहेत आणि ती छपरं म्हणजे घरांमधल्या भिंती. वडिलांच्या नावालासुद्धा जागा आहे! आता आपल्याकडे रांग वाढली की सगळं कुटुंब एकाच खोलीत कोंबतात, हा काही त्या टेबलावरच्या लोकांचा दोष नव्हे.

एक फुकटातला व्ह्यूअर उतरवून घेतला आणि चित्र उघडलं. अण्णा, आई आणि मी खुर्च्या ओढून बसलो. काळ्या पार्श्वभूमीवर मणके एकावर एक, पाटावर पाट रचावेत तसे. माउस दाबून ओढला की अण्णा उजळतात, उलटा ओढला की मावळतात. चाक फिरवलं की पाठीच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे पोथीची पानं उलटावीत तसं जाता येतं. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खालून दुसऱ्याच्या खालची चकती काळी पडलीय." त्यांना त्यातलं काहीही कळत नाही, पण रिपोर्टमध्येही नेमकं तेच लिहिलं होतं. त्याखाली ओळ होती की लक्षणांशी ताडून पाहावं. आई म्हणाली, "म्हणजे लिहिणाऱ्यानं हात वर केले."

ओळखीच्या एका डॉक्टरांनी व्हॉट्सॲपवर फोटो मागितला. स्क्रीनचा फोटो काढला. त्यात पाठ होती, ट्यूबलाइट होती, माझा अंगठा होता आणि काचेत उमटलेले अण्णा होते. मूळ फाइलीत एका ठिपक्याला १२ बिट म्हणजे ४०९६ करड्या छटा मावतात; फोन ते सगळं २५६ छटांत गुंडाळतो, आणि मग व्हॉट्सॲप त्याची इस्त्री मोडतं. शिवाय तो फोटो डॉक्टरांऐवजी मी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. आत्यानं विचारलं, "सुंदर! कुठला घाट गं?"

शेवटी पुण्यातलं रुग्णालय. दारातच क्यूआर कोड. अण्णांकडे आभा आहे, म्हणजे २०२१च्या सप्टेंबरात देशभर सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य मोहिमेचा १४ आकडी क्रमांक. फोन समोर धरला आणि अर्ज न भरता नोंदणी झाली. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. "मग साताऱ्याचे फोटोही येतील ना यात?" बाई म्हणाल्या, "ते सेंटर जोडलेलं असेल आणि त्यांनी आभाला लिंक केलं असेल तर. नाहीये." मी सीडी पुढे केली. "सीडी आमच्या मशीनला लावत नाही, व्हायरस येतो." पेनड्राइव्ह? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो पर्समध्ये परत सरकवला.

तळमजल्यावर एक खोली आहे, तिथे बाहेरची चित्रं तपासून रुग्णालयाच्या पॅक्समध्ये चढवतात. पॅक्स म्हणजे चित्रांचं कोठार. डॉक्टरांना आपल्या खोलीत बसून दिसतं ते तिथलं. त्या खोलीतल्या मुलानं सीडी घेतली, तुपाचा डाग शर्टाच्या बाहीला पुसला आणि कपाळाला आठी घातली. "मॅडम, पेशंट नक्की कोण आहेत?"

"हे काय, समोर बसलेत."

"हो, पण सिस्टीममध्ये तीन आहेत."

सहा वर्षांपूर्वी मोतीबिंदूसाठी आलेले 'ट्रे'वाले अण्णा, पंचांगाच्या जन्मतारखेचे. आज सकाळी आभातून आलेले 'वाय-ए'वाले, १ जूनचे. आणि सीडीतले नुसते 'वाय', १ जानेवारीचे. दत्तात्रय या नावाला जागून अण्णांना अखेर तीन शिरं फुटली होती. मणका एकच. तो नेमक्या कुणाच्या नावावर चढवायचा, हा प्रश्न होता. आणि तो मुलगा हट्टी होता हे मी आज कबूल करते, पण त्याचं बरोबर होतं: एकाची पाठ दुसऱ्याच्या नावावर गेली आणि सुरी चालली, तर? तेव्हा मात्र मला त्याचा गळा धरावासा वाटत होता.

"मर्ज करायला आयटीला मेल टाकतो. दोन दिवस."

अण्णा उठले, पाठीला हात लावून. "अरे बाळा, मी तिघांनाही ओळखतो. तिघांच्याही वतीनं सही देतो, चालेल?"

नाही चाललं. दोन दिवसांनी परत आलो. तो शनिवार होता. स्कॅन होऊन अकरा दिवस झाले होते. बाकावर बसल्या बसल्या मी मोबाइलवर वाचत होते की क्ष-किरण सापडल्यावर रॉन्टगेननं १ जानेवारी १८९६ला जर्मनीतल्या वुर्झबर्गहून ओळखीच्या शास्त्रज्ञांना छायाचित्रं पोस्टानं धाडली आणि ५ तारखेला व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात बातमी छापून आलीसुद्धा. पहिलं गाजलेलं चित्र त्याच्या बायकोच्या हाताचं, बोटात अंगठी असलेलं. देश बदलला, भाषा तीच, वाहन आगगाडी, दिवस चार. सातारा ते पुणे एकशेदहा किलोमीटर आहे. अण्णा चालत आले असते तरी आधी पोचले असते, पाठ धरलेली असताना.

डॉक्टरांच्या पडद्यावर मात्र चित्र काय दिसत होतं! त्यांनी उभ्या पाठीवर एका जागी टिचकी मारली की शेजारच्या चौकटीत त्याच जागेचा आडवा काप हजर. बारीक पिवळी रेघ दोन्हीकडे बरोबर सरकत होती. त्यांनी नसेची जागा मोजली, मिलीमीटरमध्ये, आणि म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही. व्यायाम करा, वजन उचलू नका. अण्णांनी गुढीचा विषय काढला. "उभारताना नाही, उतरवताना." डॉक्टरांनी पहिल्यांदाच पडद्यावरून नजर काढली. "तांब्या चांदीचा होता का पितळेचा?" अण्णांचा निम्मा आजार तिथेच गेला.

सीडीचं काम संपलं. आईनं दुसऱ्याच दिवशी तिला सुतळी ओवली आणि माझ्या गॅलरीत टांगली. अण्णांची पाठ वाऱ्यावर गिरक्या घेत सिंहगड रस्त्याकडे चमकायला लागली. कबुतरं दोन दिवस बिचकली, तिसऱ्या दिवशी एक जण सुतळीवरच बसलं.

आषाढात रुग्णालयातून फोन आला. "तीन महिन्यांची तपासणी आहे. येताना जुनी सीडी आणा."

"पण ती तुमच्या कोठारात आहे ना?"

"मॅडम, सिस्टीम बदलली. जुना डेटा अजून यायचाय."

आई स्टुलावर चढली. मी खालून स्टूल धरलं. बाहेर पाऊस होता आणि सुतळी भिजून गाठ घट्ट बसली होती. बऱ्याच वेळानं तिनं सीडी काढली, उजेडाकडे धरली, डोळे बारीक केले आणि माझ्या हातात दिली.

"नीट पुसून घे गं. कबुतरानं बरोब्बर त्या दुखऱ्या चकतीवरच केलंय."