फॉर्म बी भरला, पण पिन कोण ओढणार?

आमच्याकडं मराठवाड्यात कुठं आग लागली की पुढचे चार-आठ दिवस काय बोललं जाणार, हे जर्मनीत बसून मला पाठ झालंय. आधी नुकसान किती लाखांचं, मग बंब किती उशिरा पोचला, मग सगळ्या आस्थापनांच्या फायर ऑडिटचे आदेश, मग मदतीची घोषणा. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज एमआयडीसीत हातमोज्यांच्या कारखान्यात झोपलेले ६ कामगार गेले, तेव्हा हेच झालं. ३ एप्रिल २०२४ ला संभाजीनगरच्या छावणीत टेलरिंगच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या एकाच घरातले ७ जण गुदमरून गेले, तेव्हाही हेच. जिथं माणसं काम करतात तिथं त्यांना आग लागल्यावर काय करायचं हे कुणी शिकवतं का, हा प्रश्न मात्र या सगळ्या चर्चेत कोपऱ्यातच राहतो.

माझ्या मामांची परभणी जिल्ह्यात सेलूला जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. मी फोनवर हा प्रश्न काढला की त्यांचं उत्तर तयार असतं. "अरे, शिकवू कुणाला? पोरगं दिवाळीला येतं, संक्रांतीला पळतं. माणसं ठेकेदाराची, मुकादम ठेकेदाराचा. मी शिकवायचं आणि त्यानं दुसऱ्याच्या जिनिंगवर जायचं?" वाळूजमध्ये नोकरीला होतो तेव्हा मोठ्या साहेबांच्या तोंडून हेच जरा चकचकीत भाषेत ऐकलं होतं. या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. माणूस टिकत नाही हे खरंच आहे. पण आग लागते त्या रात्री पाळीवर असतो तो हाच न टिकणारा माणूस. कायम नोकरीतले सुपरवायझर तेव्हा घरी झोपलेले असतात.

आपल्याकडं कायदा नाही, असंही नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली) कलम ३८ मध्ये स्पष्ट लिहिलं होतं की आगीच्या वेळी बाहेर पडायचे मार्ग सगळ्या कामगारांना माहीत हवेत आणि त्यावेळी काय करायचं याचं पुरेसं प्रशिक्षण त्यांना मिळालेलं हवं. सगळ्या कामगारांना, कायम आणि कंत्राटी असा भेद त्यात नव्हता. शिवाय २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्याखाली परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, फॉर्म बी घ्यावा लागतो. तो कागद सांगतो की बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत आहे. आग विझवायचा सिलिंडर भरलेला आहे, पंप चालतो, पाइपात दाब आहे. त्या सिलिंडरची पिन कधी ओढलेला माणूस शेडमध्ये आहे का, हे तो सांगत नाही, आणि सगळी धावपळ मात्र त्या कागदाची होते. माणसांच्या प्रशिक्षणाचा पुरावा म्हणजे एक हजेरीपट आणि एक फोटो. फोटोत हेल्मेट घातलेले आठ-दहा जण आणि सिलिंडर धरलेला एकच, तोही बहुतेक सेफ्टी ऑफिसर.

आता इकडची गोष्ट. दक्षिण जर्मनीतल्या यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी आहे. इथल्या नियमावलीप्रमाणे साधारण धोक्याच्या ठिकाणी कामगारांपैकी निदान ५ टक्के लोक अग्निसुरक्षा मदतनीस म्हणून तयार केलेले असावे लागतात, आणि त्यांच्या प्रशिक्षणात आग प्रत्यक्ष विझवून बघणं येतं. रात्रपाळी, सुट्टी, आजारपण धरून ती संख्या पुरली पाहिजे, म्हणून प्रत्यक्षात ५ पेक्षा जास्तच ठेवतात. बाकी सगळ्यांना वर्षातून एकदा सूचना द्यायची. पण मामांना सांगण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. १९९६ च्या इथल्या श्रमसुरक्षा कायद्याच्या कलम १२ मध्ये दोन वाक्यं अशी आहेत, की ती उचलून आपल्या एमआयडीसीच्या प्रत्येक फाटकावर रंगवावीत. ही शिकवणी कामाच्या वेळेतच द्यायची. आणि माणूस दुसऱ्या एजन्सीकडून भाड्यानं आणला असेल, तर त्याला शिकवण्याची जबाबदारी ज्याच्या शेडमध्ये तो काम करतो त्या मालकाची. ठेकेदार मधे येतच नाही.

म्हणून आमच्या इथल्या कारखान्यात एजन्सीतून आलेला पोरगाही पहिल्या दिवशी मशीनला हात लावायच्या आधी शेडमधून फिरवून आणला जातो: हे दार, ते दार, हे बटण, बाहेर जमायची जागा ही. अर्धा तास लागतो. तो पोरगा दोन महिन्यांनी गेला तर गेला. मालकाचं अर्धा तासाच्या मजुरीचं नुकसान झालं, एवढंच.

प्रत्यक्ष सराव कारखान्याच्या पार्किंगमध्ये होतो. गॅसवर पेटणारी एक पेटी मांडतात आणि एकेकाला पुढं बोलावतात. सिलिंडर चालवणं सोपं आहे असं बघणाऱ्याला वाटतं. पहिल्यांदा हातात घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण ज्वाळेच्या शेंड्यावर मारतो, कारण डोळ्याला दिसते ती ज्वाळा. मारायचं असतं बुडाला. सहा किलोचा पावडरचा सिलिंडर साधारण १५-२० सेकंदांत संपतो, आणि घाबरलेल्या माणसाचे त्यातले निम्मे सेकंद शेंड्यावर जातात. वारा पाठीशी हवा, दार पाठीशी हवं. दोघं-तिघं असतील तर एकानंतर एक नको, एकदमच मारायचं. विझली असं वाटलं तरी पाठ फिरवायची नाही. वापरलेला सिलिंडर परत खुंटीवर टांगायचा नाही, नाहीतर पुढचा माणूस रिकामं डबडं घेऊन धावेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं: एका सिलिंडरात आटोक्यात आली नाही तर शौर्य न दाखवता बाहेर पडायचं. यातलं काहीच भिंतीवरच्या तक्त्यावरून कळत नाही. हाताला एकदा कळलं की बऱ्यापैकी लक्षात राहतं.

जर्मनीचं कौतुक इथं थांबवतो, कारण "तिकडं सगळं शिस्तीत" हे वाक्य मला दोन्हीकडच्या लोकांकडून ऐकून कंटाळा आलाय. वार्षिक सूचना इथंही बऱ्याचदा संगणकावर 'पुढे, पुढे' दाबून उरकली जाते. आणि शिस्त यांच्या रक्तात वगैरे नव्हती. ११ एप्रिल १९९६ ला ड्युसेलडॉर्फच्या विमानतळावर वरच्या रस्त्यावर वेल्डिंग चालू होतं, ठिणग्या खाली छतातल्या पॉलिस्टायरीनपर्यंत पोचल्या आणि १७ माणसं गेली. काही जण लिफ्टनं थेट धुरातच उतरले. वेल्डिंगआधी लेखी परवानगी, शेजारी सिलिंडर घेऊन उभा असलेला माणूस, काम संपल्यावरही त्या जागेवर पहारा, हे सोपस्कार किती महाग पडून शिकावे लागतात ते अशा घटनांतून कळतं. आपल्याकडं शेडच्या पत्र्यावर वेल्डिंग करणारा पोरगा खाली काय पडलंय ते कधी बघतो?

एक गोष्ट मात्र आपल्याला लवकर जमणार नाही, हे मान्य करायला हवं. जर्मनीत बहुतेक गावांचं अग्निशमन दल स्वयंसेवकांचं असतं. देशभरात असे दहा लाखांच्या आसपास लोक आहेत. आमच्या लेथवरचा एक जण त्यातलाच. पेजर वाजला की मशीन बंद करून निघतो, आणि त्या वेळेचा पगार मालक गावाच्या नगरपालिकेकडून मागून घेऊ शकतो. त्यामुळं जाणकार माणूस शेडमध्ये आपसूक असतो.

शिवाय यांच्याकडं पाणी आहे. रस्त्यारस्त्याला जमिनीत हायड्रंट, आणि तो किती मीटरवर आहे हे सांगणारी छोटी पाटी भिंतीवर. आमच्याकडं एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं होतं. जिथं नळाला आठवड्यानं पाणी येतं, तिथं मे महिन्यात बंबाला पाणी कुठून भरायचं हाच पहिला प्रश्न असतो. तालुक्याच्या गावाहून बंब निघणार, रस्ता तसा, फाटक बंद. माझं म्हणणं असं की सरावाची गरज जर्मनीपेक्षा मराठवाड्याला जास्त आहे. इथं पहिली दोन मिनिटं वाया गेली तरी दहाव्या मिनिटाला पाणी मिळेल. तिथं पहिली दोन मिनिटंच हातात असतात.

दारांचंही तसंच. मागचं दार उघडं ठेवा म्हटलं की मामा म्हणतात, "रुई जाईल, सरकी जाईल, मोटार जाईल." चोरीची भीती खोटी नाही. पण बाहेरून न उघडणारं आणि आतून आडव्या दांड्याला ढकललं की उघडणारं दार मिळतं. उघडल्यावर भोंगा वाजेल अशी सोयही होते. आत माणसं असताना बाहेरून कुलूप, हा मात्र हिशेबाचा विषयच होऊ शकत नाही. तिथं प्रशिक्षण देऊन काही उपयोग नाही, आणि मी त्यावर वाद घालत नाही.

कापसाचं तर आणखी वेगळं. कापसात आलेला खडा किंवा खिळा जिनमध्ये घासून ठिणगी पडते, पेटलेला पुंजका हवेच्या पाइपातून पुढच्या ढिगापर्यंत जातो, आणि तिथं आग आत धुमसत बसते. वरून पाणी मारून ढीग काळा-ओला दिसतो, आत चालूच. ढीग फोडून विस्तव बाहेर काढावा लागतो आणि रात्रभर राखण ठेवावी लागते. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजावर हेच झालं होतं. कापसाच्या गाठी पेटल्या, दोनेक तास पाणी मारूनही आग आटोक्यात येईना, आणि त्याच जहाजात स्फोटकं होती. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. १४ ला आपल्याकडं जयंतीची धामधूम, म्हणून कार्यक्रम पुढच्या दिवसांत उरकतात. आणि तोवर जिनिंगचा हंगाम सरत आलेला असतो. सराव हवा ऑक्टोबरात, पहिली गाडी काट्यावर यायच्या आधी.

मामांना मी सध्या एवढंच सुचवलंय. दसऱ्याच्या सुमारास रिफिलिंगवाला येतो आणि जुने सिलिंडर टेम्पोत टाकून नेतो. ते नाहीतरी रिकामेच करायचे असतात. त्या आधीच्या दिवशी मोकळ्या जागेत पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) पेटवायच्या आणि ते सिलिंडर हेल्परांच्या हातात द्यायचे. आधी रात्रपाळीवाले, मग वॉचमन, मग फरशी झाडणाऱ्या बायका. अर्ध्या दिवसाची हजेरी पूर्ण लावायची. बोलणारा माणूस त्यांच्या भाषेत बोलणारा हवा. बिहारकडची पोरं असतील तर हिंदीत. लाल बादल्यांतल्या वाळूतली विडीची थोटकं आणि गुटख्याची पाकिटं त्याच दिवशी काढून टाकायची. पावडरच्या रिफिलिंगचा खर्च ठरलेलाच आहे, वरचा खर्च फक्त अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा.

मामांना ते पटलंय, असं ते म्हणतात. आता मजुरी त्यांनी द्यायची की ठेकेदारानं, यावर मुकादमाशी बोलणी चालू आहेत. मी त्यांना कलम १२ चं मराठीत करून पाठवलंय. मुकादम म्हणतो, जर्मनीचा कायदा सेलूत चालत नाही. मग मी कलम ३८ पाठवलं.