‘एक करदाता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (लांबलंय, इलाज नाही)

‘सिंगापुरात गुंतवणुकीवर कर किती?’ या मागच्या लेखाखाली ‘एक करदाता’ या नावाने आलेली प्रतिक्रिया काहींनी वाचली असेल. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सारांश असा: मी सिंगापुरातला डिव्हिडंड (लाभांश) करमुक्त म्हणते, पण त्या नफ्यावर कंपनीने आधीच कर भरलेला असतो, म्हणजे भारत काय नि सिंगापूर काय, दोन्हीकडे सारखंच. अमेरिकी शेअरांच्या डिव्हिडंडमधून अमेरिका 30 टक्के कापते, हे मी गाळलं. भारतातल्या शेअरांवरच्या नफ्याला भारताचा कर लागतो, तेही गाळलं. सारखी खरेदी-विक्री केली तर सिंगापूरही तो नफा धंद्याचं उत्पन्न धरू शकतं, हेही नाही. आणि शेवटी: ‘हा लेख नसून रिलेशनशिप मॅनेजरची चिठ्ठी आहे. बाईंनी आधी स्वतः कर भरून पाहावा.’

महोदय, आपण एवढा वेळ काढून लिहिलंत, आभारी आहे. एक चूक आधीच कबूल करते. सिंगापूरच्या प्राप्तिकरातल्या सर्वांत वरच्या स्लॅबचा दर मी 22 टक्के लिहिला होता. कर-निर्धारण वर्ष 2024 पासून तो 24 आहे, तोही दहा लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नाला. दुरुस्त केलंय. आपल्या-माझ्यासारख्यांचा त्या स्लॅबशी काही संबंध नाही, पण चूक ती चूक.

आता ‘रिलेशनशिप मॅनेजर’, म्हणजे बँकेच्या योजना गळ्यात मारणारा माणूस. मी 2007 पासून सिंगापुरात आहे. माझ्याकडे विकायला ना पॉलिसी, ना फंड, ना कसली लिंक. वडील मिरजेच्या सहकारी बँकेतून निवृत्त झाले. व्याजातून कर कापू नये म्हणून दर एप्रिलला पंधरा-एच फॉर्म भरायला त्यांच्याबरोबर रांगेत उभी राहिलेली मुलगी आहे मी. कर म्हणजे काय हे मला कुणी ब्रोशरमधून शिकवलेलं नाही. विरोधी मत मांडताना समोरच्याच्या हेतूवर शिंतोडे उडवायची ही जी पद्धत पडली आहे, तिचा मला मनापासून कंटाळा आहे. मुद्दा बोला की सरळ!

बरं, मुद्दा. ‘कर कंपनीने आधीच भरलेला असतो.’ अहो, असतोच! लेखात तेच लिहिलंय, तिसऱ्या परिच्छेदात. वाचलात का तो? कंपनीला 100 डॉलर नफा झाला तर ती 17 डॉलर सरकारला देते. उरलेल्या 83 मधून जे भागधारकाच्या खात्यात येतं त्याला पुन्हा हात लावायचा नाही, याला इथे वन-टिअर पद्धत म्हणतात. ती 2003 पासून आहे. त्याआधी कंपनीने भरलेल्या कराचं श्रेय भागधारकाला मिळायचं, म्हणजे विवरणपत्रात डिव्हिडंड दाखवायचा, श्रेय मागायचं आणि जमलं तर परतावा मिळवायचा. तो सगळा खटाटोप काढून टाकला. एका नफ्यावर एकदाच कर, तोही कंपनीच्या दारात.

आपल्याकडे, भारतात, काय आहे? 31 मार्च 2020 पर्यंत कंपनी डिव्हिडंड वाटताना वेगळा वितरण कर भरायची. आता तो गेला आणि डिव्हिडंड तुमच्या स्लॅबमध्ये आला. कंपनीने नफ्यावर भरलेला कर तिथेच राहतो, वर तुम्ही तुमचा भरता. त्यामुळे ‘दोन्हीकडे सारखंच’ असं जे आपण सुचवता आहात ते सारखं नाही. 30 टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाने हा हिशेब एकदा कागदावर मांडावा.

मला सीडीपीकडून (इथे शेअर जिथे जमा असतात ती संस्था) पहिला डिव्हिडंड आला तो 2009 साली, सिंगटेल या टेलिफोन कंपनीचा. चाळीस डॉलर आणि काही सेंट. कागदावर ‘टॅक्स एक्झेम्प्ट, वन-टिअर’ असं छापलेलं. विश्वास बसेना म्हणून मी ऑफिसातल्या चिनी सहकारी बाईंना तो कागद दाखवला. त्या हसल्या, म्हणाल्या, फेकून दे, कुणी विचारणार नाही. मी फेकला नाही. फाइलला लावून ठेवलाय, अजून आहे. सहकारी बँकेच्या घरात वाढलेलं माणूस कागद फेकत नाही.

आणि ‘स्वतः कर भरून पाहावा’ म्हणे. तर ऐका. आमच्या एचडीबी (सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या) घराची एक खोली 1,200 डॉलरने दिलेली आहे. भाडंही गुंतवणुकीचंच उत्पन्न आणि त्यावर इथे कर आहे. वर्षाचे 14,400, त्यातून मानीव (सरकारने धरून चाललेला) खर्च 15 टक्के म्हणजे 2,160 वजा, उरलेले 12,240 माझ्या पगारात मिळवून त्यावर कर. कर्ज फिटलंय, त्यामुळे व्याजाची वजावट नाही. हे मी दरवर्षी भरते. बँकेच्या ठेवीवरचं व्याज, डिव्हिडंड, शेअर विकून झालेला नफा, परदेशातून इथे आलेलं उत्पन्न या ओळी मोकळ्या, भाड्याची भरलेली. चिठ्ठी लिहिणाऱ्या मॅनेजरने तुम्हाला भाड्याचं सांगितलं असतं का?

अमेरिकेच्या 30 टक्क्यांबद्दल. लेखाच्या नावात ‘सिंगापूर’ होतं, अमेरिका नव्हती. आणि हे मला माहीत नाही असं वाटलं का तुम्हाला? अमेरिका आणि सिंगापूर यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार नाही, त्यामुळे शंभर डॉलरचा डिव्हिडंड जाहीर झाला की हातात सत्तर. पहिल्या वर्षी मला वाटलं ब्रोकरचा हिशेब चुकला. दोनदा फोन केला. मग तेच शेअर असलेला आयर्लंडमधला ईटीएफ (शेअर बाजारात विकला जाणारा फंड) घेतला, कारण आयर्लंडचा अमेरिकेशी तसा करार आहे आणि तिथे 15 टक्केच कापले जातात. म्हणजे मी भोगलंय. लेखात नाही लिहिलं, कारण सगळंच एका लेखात लिहायचं तर तो लेख राहत नाही.

भारताचंही तेच. 1 एप्रिल 2017 पासून घेतलेल्या भारतीय शेअरांवरच्या नफ्याला भारत-सिंगापूर कर-करारातली सूट उरली नाही, हे मला ठाऊक आहे. वडील गेल्यावर त्यांच्या ठेवी माझ्या एनआरओ खात्यात (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं खातं) आल्या, तेव्हा व्याजातून 31.2 टक्के कापले गेले होते. बँकेतला मुलगा म्हणाला, मॅडम, सिस्टिमच कापते. ती सिस्टिम सिंगापूरची नव्हती, एवढंच माझं म्हणणं.

सारख्या खरेदी-विक्रीचं म्हणाल तर, मी वर्षातून दोनदा शेअर घेते, विकत तर नाहीच. ज्यांना रोज सकाळी स्क्रीनसमोर बसायचंय त्यांनी आयरासच्या, म्हणजे सिंगापूरच्या कर खात्याच्या, कसोट्या स्वतः वाचाव्यात. किती वेळा, किती दिवस ठेवून, कशासाठी आणि उसने घेऊन की स्वतःच्या पैशाने, हे ते बघतात. माझा लेख त्यांच्यासाठी नव्हता.

तुमची प्रतिक्रिया काढून टाकलेली नाही, टाकणारही नाही. फक्त पुढच्या वेळी ‘बाई’ म्हणताना जरा सांभाळून. अमेरिका आणि भारतात कापल्या जाणाऱ्या करावर पुढच्या महिन्यात सविस्तर लिहिणार आहे. ते आधीच ठरलं होतं, तुमच्यामुळे नव्हे.