'येझदी कापली' म्हणणाऱ्या कमेंटला उत्तर

नमस्कार. तुमची कमेंट काल रात्री वाचली आणि खरं सांगतो, झोप लागली नाही. माझ्या येझदी रोडकिंग मोटरसायकलची कॅफे रेसर (नको ते काढून, हँडल खाली घेतलेली गाडी) केली त्या पोस्टखाली तुम्ही लिहिलंय की चेसी कापली, ड्रम ब्रेकवर असली गाडी धोक्याची, आरटीओत चालणार नाही, मागे मडगार्ड नाही, आणि मधेच एक वाक्य, "ज्याला येझदी कळलीच नाही तोच तिच्यावर ग्राइंडर चालवतो." बाकीचं ठीक आहे हो, ज्याचं त्याचं मत. पण हे वाक्य कुठल्या अधिकाराने लिहिलंत? गाडी फोटोत बघितली, माणूस तर बघितलाही नाही, आणि थेट लायकी काढायची?

आमच्या घरात येझदी माझ्या जन्माआधीपासून आहे. वडील कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर होते, शाळा सुटली की मी तिथंच, इंजिनच्या ठिणगीच्या पॉइंटचा गॅप लावायला मी मिसरूड फुटायच्या आधी शिकलोय. १९९६ ला म्हैसूरची आयडियल जावा बंद पडली, पार्ट मिळेनात, आमच्या गल्लीतले लोक चालू गाड्या किलोवर भंगारात घालायला लागले. वडील त्यातनं क्रँक, सिलिंडर, मॅग्नेट निवडून आणायचे, पुसून फळीवर ठेवायचे, त्यातलं बरंचसं आजही आहे आणि माझ्या गाडीतला क्रँक त्यातलाच आहे. आज येझदीसाठी गळा काढणारे तेव्हा कुठं होते?

आणि कळली नाही म्हणता तर एक सांगा, मी रिअरसेट, म्हणजे मागे सरकवलेले फुटरेस, का लावले नाहीत? फोटो नीट बघितला असता तर फुटरेस कंपनीच्या जागीच दिसले असते. येझदीत गिअरचा लिव्हर आत दाबून उभा केला की त्याचीच किक होते. फुटरेस मागे नेले की पाय त्या लिव्हरपर्यंत पोचत नाही, लांब रॉड जोडून गिअर मागे न्यायचा तर तो रॉड किकच्या आड येतो. बरेच जण तरी लावतात आणि मग गाडी ढकलून चालू करतात. मी ते केलं नाही, क्लिप-ऑन, म्हणजे फोर्कलाच आवळायची दोन छोटी खालची हँडलं, लावले, ते फोर्कच्या पाइपचं माप घेऊन लेथवर करून घेतले, आणि खाली सगळं कंपनीचं ठेवलं. मनगटावर भार येतो, तो मी सोसतो. हे येझदी न कळलेल्या माणसाला सुचतं का?

चेसी कापली म्हणजे फक्त शॉकअपच्या वरच्या बोल्टच्या मागचा तुकडा, तोही गंजून पार गेलेला. तिथं नवीन पाइपचा लूप वेल्ड केलाय. पुढचं काही हात लावलेलं नाही.

शिवाय कॅफे रेसर हा प्रकारच मुळात असा आहे. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर एस कॅफेला जमणारी पन्नास-साठच्या दशकातली पोरं रोजच्या वापरातल्या गाड्या घेऊन यायची, नको ते काढून टाकायची, हँडल खाली घ्यायची. ट्रायटन तर नॉर्टनच्या चेसीत ट्रायम्फचं इंजिन टाकून झाली, म्हणजे दोन-दोन चांगल्या गाड्या खोलून एक! त्या पोरांना पण गाडी कळत नव्हती म्हणणार का तुम्ही?

मडगार्डचं तुमचं बरोबर आहे, मान्य. आमच्याकडच्या पावसात चिखल सरळ पाठीवर येतो, जूनच्या आत छोटा मडगार्ड बसवतोय. ब्रेकला नवीन लायनर आहेत, मला पुरतात. आरटीओचं म्हणाल तर इंजिन नंबर, चेसी नंबर जसेच्या तसे, रंग आरसीवर चढवलाय, तुम्ही टाकलेली गाडीतल्या बदलांवरच्या सुप्रीम कोर्टाच्या २०१९ च्या निकालाची लिंक पण वाचली, त्यावर इथं वाद घालत बसणार नाही, माझं मी बघेन.

मत वेगळं असेल तर जरूर लिहा, पण माणसासारखं लिहा. माझ्या वडिलांनी ज्या गाडीवर हात काळे केले त्या गाडीवरून मला कुणी अडाणी म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही, वय कितीही असो तुमचं.

आणि एवढं सगळं बोलून झाल्यावर कमेंटच्या शेवटी तुम्ही विचारलंय की काढलेली ओरिजिनल सीट आणि साइड बॉक्स विकणार का. नाही विकणार. तुम्हाला तर नाहीच.