पाळक पळवण्याचे खात्रीशीर उपाय

तुमच्या चर्चच्या मंडळीत पाळक, म्हणजे पास्टर, दोन वर्षांच्या वर टिकतो? मग राजेहो, तुमचं कुठंतरी चुकतंय. आमच्याकडे सहा वर्षांत तिसरे पाळकसाहेब बदली मागताहेत. अनुभवाचे बोल आहेत, फुकट घ्या.

सुरुवात रविवारी करा. उपदेश वीस मिनिटांत आटोपला तर "तयारी नव्हती" म्हणा, चाळीस मिनिटं चालला तर "घरी कुकर लावून आलो होतो" म्हणा. दारात हात मिळवताना, यूट्यूबवर अमुक ब्रदर काय सुरेख बोलतात, हे न चुकता सांगा. तो ब्रदर रात्री दोन वाजता मेडिकलच्या वॉर्डात तुमच्या आईच्या उशाशी येऊन बसत नाही, ही गोष्ट वेगळी.

पाळकीणबाईंना पेटी वाजवता यावी, संडे स्कूल घेता यावं, महिला संगती चालवता यावी. पगार नसतो, हे त्यांना माहीत असावं.

तक्रार तोंडावर करायची नाही. थेट बिशपना पत्र, खाली सही: एक हितचिंतक.

इतिहासाचा आधार घ्या. आमचे एक ज्येष्ठ पंच दर बजेटला विचारतात, "मिशनरी हिस्लॉपसाहेब 1845 साली नागपुरात आले, घोड्यावर गावोगाव फिरले. यायले कायले पाहिजे पेट्रोल भत्ता?" त्याच हिस्लॉपसाहेबांचा 1863 मध्ये टाकळघाटकडून परतताना पुराच्या पाण्यात बुडून अंत झाला, आणि त्यांचा खर्च स्कॉटलंडची मंडळी उचलत होती, तुमच्या दानाच्या थैलीतल्या दहाच्या नोटेवर ते जगत नव्हते. हा भाग पंचांना आठवत नाही.

एकीचं विचाराल तर 29 नोव्हेंबर 1970 रोजी याच नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. आमच्या कमिटीत सात माणसं आहेत, मतं नऊ.

आता कूलर. खरं तर हा लेख कूलरमुळेच लिहितोय.

मे महिना, पारा पंचेचाळीसला टेकलेला. पाळकांचा बंगला इंग्रजांच्या वेळचा. छप्पर उंच आणि पंखाही तितकाच उंच. कूलरचा पंप जळाला. टाकीत पाणी आहे, ताट्या कोरड्या ठाक, आतून नुसती झळ येते. पाळकीणबाई ओली चादर खिडकीला बांधतात, अर्ध्या तासात ती पापडासारखी कडक होते. पाचशेच्या आतबाहेरचा पंप! त्यावर परवा कमिटीनं पाऊण तास काढला. एक म्हणाले, तीन कोटेशनं आणा. दुसरे म्हणाले, आधीच्या पाळकांच्या वेळी हाच पंप कसा चालायचा, त्याची चौकशी करा. तिसऱ्यांना वाटलं, येशू वाळवंटात चाळीस दिवस राहिला. (त्याच्या कमिटीत हे गृहस्थ नव्हते, म्हणून राहू शकला.) ठराव पुढच्या मीटिंगवर. पुढची मीटिंग जूनमध्ये, म्हणजे पाऊसच पडेल, प्रश्न मिटला. लगेच नव्या साउंड सिस्टिमचा विषय आला आणि दोन मिनिटांत मंजूर! कारण स्पीकरवर देणगीदाराचं नाव लावता येतं. पंपावर कुठं लावणार?

विषय स्वतःच्या घराचा, म्हणून पाळकसाहेब तेवढा वेळ बाहेर व्हरांड्यात बसले होते. शेवटच्या प्रार्थनेला आत आले. सदरा पाठीला चिकटलेला. आमच्या सातही जणांची नावं घेऊन त्यांनी आशीर्वाद मागितला. तीन कोटेशनवाल्यांचंही.

बास झाला उपरोध. लाज वाटते का आपल्याला? घरात माणूस गेलं की पहिला फोन कुणाला लावता? पोराला पोलिसांनी बसवून ठेवलं की कुणाला सोबत नेता? नवरा-बायकोच्या भांडणात रात्री बारा वाजता कुणाचं दार वाजवता? तो माणूस तेव्हा कोटेशन मागतो का तुमच्याकडे? आणि मग ओरडता की चांगले पाळक मिळत नाहीत! मागच्या वर्षी तरुण संघात विचारलं, पाळक व्हायला सेमिनरीला कोण जाणार? एक हात वर झाला, तोही पंखा वाढव म्हणून. पोरं आंधळी नाहीत. बंगल्याच्या खिडकीतली चादर त्यांनाही दिसते.

मीही त्या खुर्चीत होतो, आणि तोंडात गूळ धरल्यासारखा गप्प बसलो. ज्येष्ठ पंचांना वाईट वाटेल म्हणून!

पंप बर्डीच्या बाजारात मिळतो. उद्या सकाळी जातोय. बिल कमिटीला देणार नाही, पण त्या पाऊण तासाचा हिशेब जूनच्या मीटिंगमध्ये मागणार आहे, सगळ्यांसमोर.