अपडेट कधी देणार, तेवढी तारीख सांगा!

फोनच्या सेटिंगमध्ये पार तळाशी 'अबाउट फोन' असतं. तिथे आत शिरलं की 'सिक्युरिटी पॅच' अशी एक ओळ दिसते, म्हणजे फोनच्या सुरक्षेतली भोकं बुजवणारी दुरुस्ती, आणि तिच्यापुढे ती शेवटची कधीची आहे ती तारीख. माझ्या फोनमधली तारीख पावसाळ्याच्या आधीची आहे. पावसाळा सरला, गणपती गेले, दिवाळी झाली, तारीख जागची हललेली नाही. आणि 'सॉफ्टवेअर अपडेट'वर बोट ठेवलं की क्षणभर चक्र फिरतं आणि उत्तर येतं, तुमचा फोन अपडेटेड आहे. शेजारी हिरवी टिक. अरे, कसला अपडेटेड? फोन कंपनीवाल्यांनो, धडधडीत खोटं बोलताय तुम्ही, तेही माझ्या पैशानं घेतलेल्या फोनच्या स्क्रीनवर!

घरात कुणाला सांगावं तर म्हणतात, फोन चालतोय ना, मग काय अडलंय? अडलंय बरंच. मला नवे आयकॉन नकोत, नवे वॉलपेपर नकोत. अँड्रॉइड १६ ही आवृत्ती गूगलनं १० जून २०२५ ला स्वतःच्या पिक्सेल फोनवर दिली, ती मला आणखी उशिरा मिळाली तरी मी गप्प बसेन. पण सिक्युरिटीचं काय? अँड्रॉइडमध्ये सापडलेल्या त्रुटींची यादी गूगल २०१५ पासून दर महिन्याला जाहीर करतं. जाहीर म्हणजे सगळ्या जगासमोर, कुणीही वाचावी अशी. सप्टेंबर २०२५ च्या यादीत तर दोन त्रुटींपुढे गूगलनंच लिहिलं होतं की यांचा वापर करून मोजक्या लोकांवर हल्ले होत असल्याची चिन्हं आहेत. म्हणजे कुठल्या घराची कडी तुटलीय हे चोरांना कळलंय, नवी कडी तयार आहे, आणि ती बसवायला माणूसच येत नाही. माझं बँकेचं अॅप, यूपीआय, आधार, आईच्या पेन्शनचे कागद, मुलीच्या शाळेची फी, सगळं याच फोनमध्ये आहे.

आणि 'वेळ लागतो हो, प्रक्रिया असते' हे मला ऐकवू नका. प्रक्रिया मला माहीत आहे. गूगल कोड देतं, चिप बनवणारी कंपनी त्यात आपले ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारे छोटे प्रोग्रॅम, बसवते, मग फोनची कंपनी वर आपली स्किन, म्हणजे आपलं रंगरूप, चढवते, मग चाचण्या. चाचण्या करा, जरूर करा. अपडेटनंतर स्क्रीनवर हिरवी रेघ आल्याच्या तक्रारी आपल्याकडे किती जणांनी केल्या ते आम्ही पाहिलंय, त्यामुळे घाईघाईत काहीतरी लोटा असं कुणीच म्हणत नाही. पण हे काम सोपं व्हावं म्हणून २०१७ मध्येच अँड्रॉइड ८ च्या वेळी प्रोजेक्ट ट्रेबल आणून अँड्रॉइडचा गाभा आणि चिपचा भाग वेगळे केले गेले. शिवाय यादी जाहीर होण्याच्या किमान महिनाभर आधी गूगल फोन कंपन्यांना त्या त्रुटी कळवतं. महिनाभर आधी! मग घोडं अडतं कुठे? याच कंपनीच्या महागड्या मॉडेलला तो पॅच वेळेवर जातो. माझ्या मॉडेलवर माणसं लावायची नाहीत, एवढंच त्याचं कारण. स्वस्तातला फोन घेणाऱ्याच्या बँक खात्यातले पैसे कमी किमतीचे असतात का?

संताप कशाचा येतो सांगू? याच फोनमधलं कंपनीचं स्वतःचं अॅप स्टोअर मात्र सारखं अपडेट होत असतं. न विचारता, रात्रीत. लॉक स्क्रीनवर जाहिराती दाखवणारं अॅप अपडेट होतं, थीमचं अॅप अपडेट होतं. जिथून यांना पैसे सुटतात तिथे एक दिवस उशीर नाही.

कस्टमर केअरला फोन केला की आधी कॅशे क्लिअर करायला सांगतात. मग फोन रीस्टार्ट करा. मग फॅक्टरी रीसेट करा! जो पॅच कंपनीनं सोडलाच नाही तो माझा डेटा पुसून कुठून येणार? तारीख विचारली की, "मॅडम, अपडेट टप्प्याटप्प्याने येतोय, लवकरच मिळेल." कुठला टप्पा, माझा नंबर कितवा, ताकास तूर लागू देत नाहीत. आणि थोड्या वेळात मेसेज येतो, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. त्या फोनवरच्या पोरांवर माझा राग नाही, त्यांना समोर जे लिहून दिलंय तेच ती वाचतात. राग आहे तो लिहून देणाऱ्यांवर.

घेताना दुकानदार म्हणाला होता, "ताई, चार वर्षं अपडेटचं टेन्शन नाही." जाहिरातीतही चार वर्षं हेच ठळक. ती चार वर्षं मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून मोजतात, मी बिल फाडलं त्या दिवसापासून नाही, हे बारीक अक्षरात. म्हणजे दिवाळीच्या सेलमध्ये जुनं मॉडेल घेणाऱ्याची मुदत दुकानातच संपत आलेली असते. उरलेल्या मुदतीतही अपडेट असे अर्धं वर्ष रखडवायचे. माझा हप्ता एक दिवस चुकला तर दंड लागतो. यांच्या उशिराला दंड कोण लावणार?

युरोपात लावायची सोय झालीय. २० जून २०२५ पासून तिथे नियमच आहे, अँड्रॉइडच्या सिक्युरिटी सुधारणेचा कोड जाहीर झाल्यापासून जास्तीत जास्त ४ महिन्यांत ती ग्राहकाच्या फोनवर द्यायची, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान ५ वर्षं अपडेट चालू ठेवायचे. ४ महिनेही मला जास्तच वाटतात, पण निदान आकडा तरी आहे. कंपन्या त्याच, फोन तेच. तिथे जमतं ते इथे का जमत नाही? आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, फसव्या जाहिरातीला त्यात शिक्षा आहे. मग 'चार वर्षं अपडेट' म्हणून फोन विकायचा आणि पॅच महिनोन्‌महिने दाबून ठेवायचा, ही फसवी जाहिरात नाही तर काय आहे?

खोक्यावर छापा. हा फोन अमुक तारखेपर्यंत अपडेट होईल, सिक्युरिटी पॅच इतक्या दिवसांत मिळेल, नाही मिळाला तर इतके पैसे परत. आणि पॅच जुना असेल तेव्हा ती हिरवी टिक काढा, तिथे लाल अक्षरात लिहा की तुमचा फोन मागे पडलाय आणि तो आम्ही पाडलाय.