रॅम वाढवून घ्या

परवा सकाळी बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी इंटरनेटच्या पेटीवर ‘एलओएस’ या अक्षरांपाशी तांबडा दिवा लागला. बाहेरून काचेच्या तारेतून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोहोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी कंपनीला तसे कळवले, तेव्हा पलीकडच्या मुलीने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करण्यास सांगितले. तो बंदच आहे असे म्हणताच ती म्हणाली, “मग चालू करून बंद करा.”

एवढ्यात शेजारचे नाना आले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून नानांकडे सर्व यांत्रिक व्याधींवर एकच औषध आहे. आमचा प्रिंटर कागद गिळू लागला तेव्हा त्यांनी रॅम वाढवण्यास सुचवले होते, आणि मिक्सरच्या वेळीही त्यांच्या ओठांवर तेच आले होते, असा मला दाट संशय आहे. “रॅम किती आहे तुमची?” त्यांनी विचारले. टेबलाखालच्या संपूर्ण डब्याला ते सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आतली चपटी, हातात मावणारी चिप, हे मी त्यांना सांगणे केव्हाच सोडून दिले आहे. परंतु त्या दिवशी चिडून मी म्हणालो, “नाना, हार्ड डिस्क म्हणजे तिजोरी आणि रॅम म्हणजे कॅशिअरचा गल्ला. हाताशी लागेल तेवढेच गल्ल्यात असते, आणि वीज गेली की तो रिकामा होतो.”

नाना गंभीर झाले. “आमच्या शाखेत वीज गेली म्हणून गल्ला कधीही रिकामा झाला नाही,” ते म्हणाले, आणि पुढची वीस मिनिटे मला त्यांच्या कारकिर्दीतील रोकड-जुळणीचा इतिहास ऐकावा लागला. शंभर एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिटच्या, जोडणीतून सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरतात, कारण आठ बिटांचा एक बाइट होतो, हे मी मध्येच सांगून पाहिले. “म्हणजे आठातले सात कंपनी खाते,” नाना म्हणाले. हिशेब चुकीचा असला तरी या एका मुद्द्यावर माझे मन त्यांच्या बाजूला झुकले.

सायंकाळी तंत्रज्ञ आला. त्याने पेटीकडे ढुंकूनही न पाहता जिन्यातल्या तारेचा माग काढला आणि नानांच्या दारापाशी थांबला. तिथे नानांनी आपला मनीप्लँट वर चढवण्यासाठी आमची तार खिळ्याभोवती घट्ट गुंडाळून तिचा आधार केला होता. “काका, वायर वळी गयो छे,” तो मला म्हणाला. काचेची तार अशी करकचून वळली की प्रकाश वळणावरच बाहेर निसटतो. वेल सोडवताच तांबडा दिवा विझला.

रात्री कंपनीचा संदेश आला: ‘दोष ग्राहकाच्या बाजूचा, भेटीचे शुल्क पुढील बिलात.’ मी तो नानांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि वेलीची तुटलेली दोन पाने माझ्यासमोर धरून म्हणाले, “आणि हे कोण भरून देणार?”