‘स्वतः गोळा केलेला माल फुकट पडतो’ असं सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

मी आणि धाकटा भाऊ वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक हा ऑनलाइन गेम खेळतो. परवा रात्री त्याचा फोन आला. "ताई, टेलरिंग काढून टाकलं. मायनिंग घेतलंय. चाळीस लेव्हल होईपर्यंत घोड्याचे पैसे जमणार बघ." मला क्षणभर काय बोलावं तेच सुचेना. टेलरिंग, म्हणजे शिवणकाम, हे गेममधल्या पात्राने शिकायचं एक प्रोफेशन. त्याचं ते २१२ पॉइंटवर होतं. २२५ ला मेजवीव्ह या कापडाची बॅग शिकता येते, १२ कप्प्यांची, आणि त्यासाठी तो कधीपासून कापड साठवत होता. पहिल्या चार बॅगा मला द्यायचं कबूलही केलं होतं. असं का केलंस म्हणून विचारलं, तर उत्तरादाखल त्याने एक मेसेज पुढे ढकलला.

हा मेसेज गेले काही दिवस बऱ्याच जणांकडे फिरतोय. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक नव्याने खेळणाऱ्यांसाठी आहे म्हणे. त्यातले दावे थोडक्यात असे: हर्बलिझम (वनस्पती गोळा करणं) आणि मायनिंग (खाणकाम) दोन्ही घ्या, कमाई दुप्पट होते. क्राफ्टिंग, म्हणजे वस्तू बनवणं, म्हणजे सोनं जाळणं, साठाव्या, म्हणजे शेवटच्या लेव्हलपर्यंत हात लावू नका. स्वतः गोळा केलेला माल फुकट पडतो, म्हणून तोटा होऊच शकत नाही. आधी चुकीचं प्रोफेशन घेतलं असेल तर आत्ताच काढून टाका, काही बिघडत नाही. पुढे क्राफ्टिंग करायचंच झालं तर क्लास (पात्राचा प्रकार) बघून करा, मेज (जादूगार) असाल तर टेलरिंग, वॉरियर (योद्धा) असाल तर ब्लॅकस्मिथिंग (लोहारकाम), दुसरं काही घेणं म्हणजे चूक. आणि शेवटी, कुकिंग-फिशिंगमध्ये वेळ घालवू नका.

मी हा गेम वर्षानुवर्षं खेळतेय आणि प्रोफेशनवरून झालेले वाद भरपूर पाहिलेत. मतभेद असायला माझी हरकत नाही. पण ‘काही बिघडत नाही’ असं छातीठोकपणे लिहिणाऱ्याने प्रोफेशन काढून टाकायचं ते बटण स्वतः कधी दाबलेलं दिसत नाही.

आधी फुकट मालाबद्दल, कारण बाकीचे निम्मे दावे याच एका चुकीवर उभे आहेत. खाणीतून कॉपर काढलं, वितळवून बार केले. समजा तेवढे बार ऑक्शन हाऊसमध्ये, म्हणजे गेममधल्या लिलाव बाजारात, ६० सिल्व्हरला जातात. ते न विकता त्यांचा खंजीर केला आणि तो ४० सिल्व्हरला गेला. मेसेजच्या हिशेबाने ४० सिल्व्हर निव्वळ नफा, कारण कॉपर ‘फुकट’ होतं. प्रत्यक्षात ऑक्शन हाऊस विक्रीवर ५ टक्के कापून घेतं. बार विकले असते तर हातात ५७ आले असते, खंजिराचे आले ३८. म्हणजे खंजीर बनवून १९ सिल्व्हर घालवले, वर बनवण्याची खटपट वेगळी. कॉपर विकत आणलं की स्वतः खणलं याने या आकड्यांत काहीही फरक पडत नाही. जी वस्तू तुम्ही आत्ता विकू शकता, ती वापरून टाकलीत तर तिची किंमत तुमच्याच खिशातून गेली.

शिवाय त्या खणण्यात तुमचा वेळ गेला, आणि गेममधल्या वेळेला किंमत असते. ही काही माझ्या मनाची समजूत नाही. २००१ मध्ये एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने एव्हरक्वेस्ट या गेममधल्या नॉरॅथ या जगाचा अभ्यास करून शोधनिबंध लिहिला. तिथली नाणी आणि पात्रं खेळाडू खऱ्या डॉलरमध्ये विकत होते, त्यामुळे त्याला हिशेब मांडता आला. नॉरॅथमध्ये खेळणाऱ्याची कमाई त्याने ताशी ३.४२ डॉलर काढली. ड्रॅगन आणि जादूच्या जगात एक तास फिरलात तर त्या तासाची मोजता येईल अशी किंमत तयार होते, हे तेव्हाच दाखवून झालंय. डॉलर सोडून द्या, क्लासिकमध्ये सोन्यात मोजा. एक तास खाणी शोधण्यात घालवलात तर त्याच तासात मिळालं असतं ते क्वेस्टचं बक्षीस, तो अनुभव, ते कापड गेलं. माल फुकट पडत नाही, त्याची किंमत तुम्ही आधीच मोजलेली असते.

हिशेब असा नीट मांडला की ‘क्राफ्टिंग म्हणजे सोनं जाळणं’ या दाव्यात तथ्य किती तेही कळतं. थोडं आहे, मान्य करते. शिकताना बनवलेल्या बहुतेक वस्तू कच्च्या मालापेक्षा स्वस्त जातात, कारण शिकणारा प्रत्येक जण तीच वस्तू पॉइंट मिळवायला बनवत असतो. रेसिपी यादीत नारिंगी दिसेपर्यंत प्रत्येक वस्तूमागे पॉइंट नक्की, पिवळी झाली की बहुतेकदा, हिरवी झाली की क्वचित आणि करडी झाली की शून्य. या वाटेवर बाजार भरून वाहतो आणि भाव पडतो. एन्चांटिंग, म्हणजे शस्त्रं-कपड्यांवर जादू चढवणं, तर नव्या खेळाडूला खरंच जड जातं. एन्चांट कागदावर उतरवून विकायची सोय २००८ च्या विस्तारात आली. क्लासिकमध्ये शहरात उभं राहून गिऱ्हाईक शोधावं लागतं.

पण म्हणून साठपर्यंत हातच लावायचा नाही? ज्याला किंमत येते ते याच शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर आहे. अल्केमिस्ट (औषधं बनवणारा, धातू बदलणारा) थोरियम धातूचा एक बार आणि एक आर्केन क्रिस्टल घेऊन आर्केनाइट हा धातू करतो, पण दोन दिवसांतून एकदाच. टेलर फेलक्लॉथ या कापडाचे दोन तुकडे घेऊन मूनक्लॉथ हे कापड करतो, चार दिवसांतून एकदा. इथे पैसे या थांबण्याचे मिळतात, कारण कितीही खेळलं तरी एका पात्राला ही मर्यादा ओलांडता येत नाही. जो साठाला पोहोचून एकपासून शिकायला बसेल त्याचे असे कितीतरी फेरे तोवर वाया गेलेले असतील. आणि औषधाच्या बाटल्या वापरून संपतात, त्यामुळे त्यांना मागणी कायम असते. बॅगांचंही तसंच, प्रत्येक नव्या पात्राला चार लागतात.

‘दोन्ही गोळा करा, कमाई दुप्पट.’ क्लासिकमध्ये मिनीमॅपवर (कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर) एका वेळी एकच शोध चालतो. वनस्पती दिसतात तेव्हा खनिजं दिसत नाहीत, खनिजं दिसतात तेव्हा वनस्पती दिसत नाहीत. दोन्ही हवं असेल तर सतत अदलाबदल करत फिरायचं, आणि तरी अर्धे पिवळे ठिपके निसटतात. लोक हे करतात, त्यांना सवय होते, कमाईही वाढते. दुप्पट होत नाही. गेमच्या आजच्या मुख्य आवृत्तीत दोन्ही शोध एकत्र चालतात, तेव्हा हा सल्ला बहुधा तिथून उचलून क्लासिकवर चिकटवलाय. आणखी एक. स्किनिंगचं, म्हणजे मारलेल्या जनावराचं कातडं काढण्याचं, नावही मेसेजमध्ये नाही. जनावर तुम्ही मारलेलंच असतं, ते पायाशी पडलेलं असतं, वाकडी वाट करावी लागत नाही. घोड्यासाठी लवकर पैसे हवे असलेल्याला मी आधी ते सुचवीन.

आता ज्या ओळीमुळे मी हे लिहायला बसले ती. ‘चुकीचं प्रोफेशन घेतलं असेल तर आत्ताच काढून टाका, काही बिघडत नाही.’

काही गेममध्ये हे म्हणणं चालून जातं. फायनल फँटसी १४ मध्ये एकच पात्र आठही हस्तकला आणि गोळा करण्याची तिन्ही कामं शिकू शकतं, सोडण्याचा प्रश्नच येत नाही. ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये स्किल सोडताच येत नाही. क्लासिकमध्ये मुख्य प्रोफेशन दोनच ठेवता येतात आणि एक काढलं की त्याचा आकडा शून्य होतो. शिकलेल्या रेसिपी जातात. ट्रेनरकडे पैसे भरून घेतलेल्याही जातात आणि शत्रू मारून नशिबाने मिळालेल्याही. पुन्हा तेच प्रोफेशन घेतलंत तर गेमला तुमची काहीही ओळख नसते, पहिल्यापासून सुरुवात.

माझ्या भावाचंच बघा. तो ३८ व्या लेव्हलचा मेज. त्याच्या आसपासच्या प्रदेशात मिथ्रिल हे खनिज आहे, पण मिथ्रिलला मायनिंग १७५ लागतं. आयर्नला १२५, टिनला ६५. त्याच्याकडे होतं १. मग तो मागे एल्विन फॉरेस्टला गेला, जिथे पात्रं जन्माला येतात तिथे, आणि फारगोडीप खाणीत कॉपर शोधू लागला. मी त्याची स्क्रीन बघत होते. एका फटक्यात मरणारे कोबोल्ड नावाचे किरकोळ शत्रू, त्यांच्याकडून अनुभव शून्य, आणि समोरच्या कॉपरकडे पाचव्या लेव्हलचा एक पोरगा त्याच्या आधी पोहोचलेला. मायनिंग १०० होईपर्यंत कॉपर करडं होऊन जातं, म्हणजे त्यातून पॉइंट मिळत नाहीत, मग टिनसाठी वेस्टफॉल, रेडरिज. ज्या वेळात तो चाळिशी गाठून पुढे गेला असता, त्या वेळात तो लहानपणीच्या वाटा पुन्हा तुडवतोय. घोड्याला साधारण १०० गोल्ड लागतात. मायनिंगमधून ते मिळतात, नाही असं नाही, पण ज्याने ते पहिल्या दिवसापासून सोबत वाढवलंय त्याला. अडतिसाव्या लेव्हलला शून्यातून सुरू करणाऱ्याला घोडा लांब जातो.

आणि टेलरिंगला तर गोळा करण्याचं प्रोफेशन लागतच नाही. कापड माणसासारख्या शत्रूंकडून पडतं, लढता लढता पिशवीत येतं. त्याच्याकडे हर्बलिझम होतंच. म्हणजे एका हाताने वनस्पती विकायच्या, दुसऱ्या हाताने बॅगा शिवायच्या, मिनीमॅपवर एकच शोध लावून ठेवायचा. त्याची जोडी आधीच चांगली जमलेली होती. एका अनोळखी माणसाच्या ठाम सुरामुळे त्याला ती चूक वाटली. याचाच मला राग आहे. त्याने हिशेबात चूक केली नाही, त्याला हिशेबच चुकीचा शिकवला गेला.

‘क्लास बघूनच घ्या’ याबद्दल फार लिहीत नाही. मेजला टेलरिंग जमतं, कारण तो कापडच घालतो. पण वॉरियर चाळिसाव्या लेव्हलपर्यंत प्लेट, म्हणजे जड धातूचं चिलखत, घालूच शकत नाही, आणि ब्लॅकस्मिथिंग धातू खातं. इंजिनिअरिंगचे बॉम्ब कुठल्याही क्लासच्या हातात तेवढेच फुटतात. अल्केमी घेतलेला वॉरियर चुकलाय असं मी कुणाला म्हणताना ऐकलेलं नाही. एका पात्राने गोळा करून दुसऱ्याला टपालाने पाठवता येतं, तेव्हा सगळं एकाच पात्रात बसवायचा अट्टहास कशाला?

कुकिंग, फिशिंग, फर्स्ट एड ही दुय्यम कौशल्यं आहेत, दोनच्या मर्यादेत ती मोजलीच जात नाहीत. ती घेतल्याने काही सोडावं लागत नाही. फर्स्ट एडच्या पट्ट्या पोशनशिवाय जीव वाचवतात आणि त्यांना लागतं तेच कापड. नव्या खेळाडूला ती घेऊ नका असं सांगण्याचं कारण मला कळलेलं नाही.

ज्यांनी अजून बटण दाबलेलं नाही त्यांनी दाबू नका. आकडा ३०-४० वर असेल आणि ते प्रोफेशन खरंच नको असेल तर ठीक आहे, तेवढं परत मिळवता येतं. दोनशेच्या पुढे असाल तर त्यासाठी दुसरं पात्र काढा, त्याला मायनिंग द्या. पाचव्या लेव्हलच्या पात्राला कॉपर गोळा करणं शोभतं आणि परवडतंही.

ज्यांनी दाबलंय त्यांच्यासाठी एक गोष्ट कामाची आहे. खनिज वितळवण्यानेही मायनिंग वाढतं. सुरुवातीला ऑक्शन हाऊसमधून कॉपरचं खनिज थोडं विकत घ्या आणि भट्टीपाशी उभं राहून बार करा, निदान पहिल्या टप्प्यात पाचव्या लेव्हलच्या पोरांशी शर्यत करावी लागणार नाही. ६५ ला टिन आणि ब्राँझ उघडतं, तिथून वाट थोडी सोपी होते. बारही विकता येतात. पण विकत घेतलेल्या खनिजाची किंमत त्यातून वजा करायला विसरू नका.

काल रात्री भावाचं मायनिंग ७१ झालं. मेजवीव्हचे ४३ तुकडे त्याच्या बँकेत पडून आहेत. विकून टाक म्हटलं, तर म्हणाला, "राहू दे ताई, परत टेलरिंग घेईन कधीतरी." मी माझ्या बँकेतलं सगळं लिनन आणि वूल त्याच्या नावाने टपालपेटीत टाकलंय.